लोक हसतात त्या माणसाला मानायचं कसं

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. सार्वजनिक कामातल्या एक बाई, नाव घेत नाही, भाषण करतायत, डोळे अर्धे मिटलेले, तोंड वाकडं, म्हणजे बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मधेच कुठेतरी थांबवला की कुणाचाही चेहरा जसा दिसतो तसा, आणि खाली कुणीतरी एक ओळ टाकलेली. दहा मिनिटात पंधरा जण हसून गेले, त्यात मी पण होते. रात्री ओटा आवरताना ते काही डोक्यातून जाईना, म्हणून मूळ भाषण शोधून लावलं. पाऊण तासाचं होतं. त्यात त्या टँकरच्या पाण्याबद्दल बोलत होत्या, हंड्यांची रांग कशी लागते, रांग कोण तोडतं, त्या रांगेपायी मुलींची शाळा कशी बुडते, आणि हे इतकं बारकाईने सांगत होत्या की माझा हात तसाच थांबला. तो वाकड्या तोंडाचा फोटो "हंडा" हा शब्द म्हणतानाचा होता. मी मागे पुढे करून बघितलं, तोच क्षण होता.

तेव्हापासून मी ही गोष्ट ठरवून शिकतेय, की लोक ज्याला हसतात त्याला मानायचं तर कसं मानायचं. आपोआप येत नाही हे. शाळेत आपल्याला थोर माणसं हार घालून तयार मिळतात, त्यांना हसणारे कधीच मरून गेलेले असतात आणि धड्यात त्यांची नावंही नसतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की आपण तेव्हा असतो तर बरोबर बाजूलाच उभे राहिलो असतो. पण आज, आपल्या डोळ्यासमोर, माणूस अजून कोपऱ्यात एकटा उभा आहे तेव्हा ओळखायचं कसं, यासाठी मला जे उपयोगी पडलं ते लिहितेय.

पहिलं काम म्हणजे टिंगल आणि टीका वेगळी काढायला शिकायचं. मी एक सोपी पद्धत वापरते. जे वाक्य आलंय त्यातून त्या माणसाचं दिसणं, कपडे, आवाज, उच्चार, जात, वय, ती बाई असणं, इंग्रजी कच्चं असणं हे सगळं मनातल्या मनात खोडायचं आणि खाली काय उरतं ते बघायचं. "यांनी धरणाचा आकडा चुकीचा सांगितला" असं काही उरलं तर ती टीका आहे, ती आपल्याला कितीही झोंबली तरी तपासायची. काहीच उरलं नाही तर ती टिंगल. बहुतेक वेळा काहीच उरत नाही, खोडून बघा. टिंगलीवर टिंगलीने उत्तर द्यायच्या फंदात पडायचं नाही, आपल्या आवडत्या माणसाला त्याने काही मिळत नाही, ग्रुप तेवढा म्यूट होतो.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. 1883 च्या फेब्रुवारीत, वय वर्षं 17, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्या लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला का जातोय ते इंग्रजीत सांगितलं. रस्त्याने चालताना लोक कसे टोमणे मारतात, कसे बघतात हेही त्यांनी तिथे उघड सांगितलं. खोडायची पद्धत लावून बघा, ते टोमणे सगळे चालण्यावर, पेहरावावर, नवऱ्याबरोबर बाहेर पडण्यावर. औषधोपचाराला बाई डॉक्टर हवी की नको या मुद्द्यावर त्यात एक अक्षर नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार असं त्या म्हणाल्या आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी आणि शाकाहारी जेवण सांभाळून 1886 च्या मार्चमध्ये एमडी झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, 22 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. इकडचे म्हणत होते ही धर्म बुडवणार, तिकडे ख्रिस्ती होण्याचा आग्रह होत होता, आणि बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. म्हणून लक्षात ठेवा, स्वतःशी प्रामाणिक राहणं म्हणजे दर वेळी चालीरीती मोडणंच असं नाही, एखाद्याने काहीतरी न मोडण्यासाठी सुद्धा तेवढंच सोसलेलं असतं. फक्त बंडखोर शोधत बसलात तर अशी माणसं नजरेतून सुटतात.

दुसरं, आणि यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, त्या माणसाचं मूळ वाचायचं किंवा ऐकायचं. त्याच्याबद्दलचं नाही, त्याचं स्वतःचं.

मला हे पटलं ते रघुनाथ धोंडो कर्व्यांमुळे. नाव आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, "संततिनियमनाचे प्रणेते" ही एक ओळ पाठ असते आणि विषय संपतो. मी पुण्यातल्या एका जुन्या वाचनालयात त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे बांधलेले जुने अंक मागून बघितले. कागद असा की पान उलटलं की कोपऱ्याचा चुरा बोटाला लागतो. मुखपृष्ठावर उघड्या बाईचं चित्र, 1930 च्या आसपासचं मराठी मासिक बरं का, मी नकळत अंक पालथा घातला, शेजारच्या टेबलावर एक आजोबा पेपर वाचत होते म्हणून. मग आत वाचकांचे प्रश्न आणि संपादकांची उत्तरं. लोकांनी असे प्रश्न विचारलेत जे आज सुद्धा माणूस डॉक्टरसमोर खाली मान घालून विचारतो, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का वगैरे, आणि उत्तर दोन तीन ओळींचं, कोरडं, स्वच्छ, ना उपदेश ना लाज. त्या एका तासात मला तो माणूस जेवढा कळला तेवढा त्यांच्यावरचे दहा लेख वाचून कळला नव्हता. त्यांचा रागीटपणा पण तिथेच कळतो, एखाद्या शास्त्रीबुवाचं खोडून काढायला घेतलं की थांबतच नाहीत.

आता तिसरं, किंमत मोजा. म्हणजे या माणसाने आपलं म्हणणं टिकवायला नेमकं काय दिलं याचा हिशोब मांडा, वहीत लिहून काढला तर उत्तमच. रघुनाथरावांचा हिशोब असा. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला जाऊन शिकून आलेले. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, मेरी स्टोप्सने लंडनमध्ये काढलं त्याच वर्षी, जगात तेव्हा हे उघडपणे करणारे किती होते त्याचा यावरून अंदाज घ्या. कॉलेजने सांगितलं हे तरी सोडा नाहीतर नोकरी. नोकरी सोडली. 1927 च्या जुलैत मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे 1953 च्या ऑक्टोबरपर्यंत, 26 वर्षं पदरचे पैसे घालून चालवलं. अश्लीलतेचा खटला 1931 मध्ये झाला, दंड झाला. 1934 मध्ये परत खटला, यावेळी वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने प्रश्न विचारला तर मासिकाने उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही हरले, 200 रुपये दंड. पुढच्या महिन्यांतही प्रश्नोत्तरं चालूच राहिली.

आणि हा हिशोब करताना शेजारच्या माणसाचा रकाना विसरायचा नाही, आपण कायम विसरतो. मालतीबाई, म्हणजे रघुनाथरावांच्या पत्नी. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही, त्या काळात, आणि मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला काय ऐकावं लागतं ते मी वेगळं सांगायला नको. नवऱ्याची कमाई गेली तेव्हा घर त्यांनी ओढलं. प्रशस्तीपत्रकं एकाच नावाने छापली जातात पण टोमणे दोघांच्या घरी येतात, म्हणून मी आता कुणाचंही कौतुक करायला लागले की आधी विचारते, यांच्या घरी कोण होतं.

रघुनाथरावांच्या वडिलांची गोष्ट याला जोडूनच बघावी लागते. धोंडो केशव कर्वे, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, पहिली पत्नी गेल्यावर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. दापोलीजवळच्या मुरुडला, त्यांच्या स्वतःच्या गावाने, बहिष्कार टाकला. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला नेला, कॉलेज करून पायी हिंगण्याला जायचे. दारोदार फिरून वर्गणी मागायची, काही दारं तोंडावर बंद व्हायची. 1916 मध्ये महिलांचं विद्यापीठ काढलं. आणि मग हळूहळू हवा बदलली, 1958 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न, त्याच वर्षी पोस्टाचं तिकीट, माणूस हयात असताना.

आता ही दोन आयुष्यं शेजारी ठेवा. ज्या समाजाने बापाला वाळीत टाकलं होतं तोच समाज म्हाताऱ्या बापाला महर्षी म्हणत होता आणि त्याच वेळी मुलाला चावट, घाणेरडा म्हणत होता. एकाच घरात. म्हणजे आपण एकदा चुकलो होतो हे कळलेली माणसं दुसऱ्या वेळी बरोबर ओळखतीलच असं नाही, त्यांना वाटतं की ती चूक आधीच्या पिढीची होती. मला हे वाचून रात्रभर अस्वस्थ वाटलं होतं, खरंच. आणि 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे सुरू केला, जगात पहिल्यांदा एखाद्या देशाने असं केलं. रघुनाथराव पुढच्या वर्षी गेले. ज्या गोष्टीसाठी दंड भरला ती सरकारी योजना झाली, पुढे त्या योजनेचं चिन्ह, लाल त्रिकोण, भिंतीभिंतीवर आलं.

इथे एक सराव सुचवते. स्वतःला त्या वर्षात नेऊन बसवा, 1934, गिरगावातली चाळ, दोन खोल्या, पोस्टमन 'समाजस्वास्थ्य'चा अंक घेऊन जिन्यावरून वर येतोय, शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत बसल्यात. तुम्ही तो अंक हातात घेतला असता का, की आमच्या पत्त्यावर पाठवू नका म्हणाला असता? उत्तर खरं द्या, कुणाला सांगायचं नाहीये. मी तर 80-90 वर्षांनंतर वाचनालयात अंक पालथा घातलाय. हा सराव केला की आजच्या माणसांकडे बघायची नजर पटकन बदलते, कारण आपण कुठे कच्चे आहोत ते कळतं.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची आहे. लोक हसतात म्हणून माणूस मोठा होत नाही. हे उलटं गणित बरेच जण करतात आणि फसतात. कॅन्सरवर काढा विकणारा पण म्हणतो, तुकोबांना पण लोकांनी छळलं होतं. स्टेजवरून एखाद्या समाजाला शिव्या घालणारा पण म्हणतो, मी खरं बोलतो म्हणून लोकांना झोंबतं. म्हणून मी तीन चार गोष्टी बघते. त्या माणसाच्या हट्टाची किंमत कोण भरतंय, तो स्वतः की त्याचं ऐकणारे? रघुनाथरावांच्या हट्टापायी नोकरी त्यांची गेली, काढावाल्याच्या हट्टापायी पेशंट जातो. फायदा व्हायला लागला की बोलणं बदलतं का? चूक दाखवली तर ऐकतो का, की प्रत्येक चूक दाखवणारा त्याला शत्रूच वाटतो? आणि तो कुणाला हसतो? ज्याला आयुष्यभर लोक हसले तो जर आपल्यापेक्षा दुबळ्याला हसत असेल तर मी तिथेच थांबते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भाषणं अजून ऐकायला मिळतात, ऐकाच. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी किती वर्षं गेली, त्या काळात त्यांच्यावर काय काय बोललं गेलं, आणि माणूस बोलतोय मात्र एखादा डॉक्टर पेशंटच्या नातेवाईकाला समजावतो तसा, आवाज न चढवता. श्रद्धा असलेल्या साध्या माणसाची खिल्ली नाही, त्या श्रद्धेवर दुकान मांडणाऱ्याला मात्र सोडायचं नाही. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. याबद्दल जास्त लिहिवत नाही.

पाचवं, न आवडणारा भाग पण ठेवून घ्या. आपण एखाद्याला मानायला लागलो की त्याला घासूनपुसून गुळगुळीत करतो, मग तो आपल्या सोयीचा होतो. रघुनाथराव नग्नतेचा पुरस्कार करायचे, त्यांचं बोलणं अनेकांना तोडून टाकायचं, आणि त्या काळच्या संततिनियमनाच्या सगळ्याच चळवळीत, इथे आणि विलायतेत, कुणी मुलं जन्माला घालावी आणि कुणी नाही असे सुप्रजननाचे विचार मिसळलेले होते, जे आज वाचून अंगावर काटा येतो. हे लपवायचं नाही. महर्षींचा आश्रम सुरुवातीला बराचसा ब्राह्मण विधवांपुरताच होता, हेही सांगायचं. सांगितल्याने माणूस लहान होत नाही, उलट आपलं मानणं पक्कं होतं, कारण उद्या कुणी येऊन हेच तोंडावर फेकलं तर आपण गडबडत नाही, म्हणतो हो, माहितीये मला.

मुलांना सांगताना एक चूक टाळा. सावित्रीबाईंचं नाव काढलं की मुलं पटकन सांगतात, शेण मारलं. विचारा बघू, आणि काय माहिती आहे? बहुतेकदा तिथेच थांबतात. माझ्या भाचीला मी विचारलं, बाईंच्या पिशवीत दुसरं लुगडं असायचं ते का? ती म्हणाली, मावशी, शाळेत जाऊन बदलायला. मग मी विचारलं, पण रोज घ्यायचं म्हणजे आज पण शेण पडणार हे घरून निघतानाच माहीत होतं ना? ती गप्प झाली, मग म्हणाली, माहीत असून निघायच्या? एवढंच पाहिजे होतं मला. आणि मग तिला सांगितलं की त्यांनी कविता लिहिल्या, 1854 मध्ये 'काव्यफुले' हा संग्रह छापून आला, 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्या स्वतः गेल्या. शेण मारणाऱ्यांनी केलेलं आपण लक्षात ठेवतो आणि बाईंनी केलेलं विसरतो, हे बरोबर नाही. ज्याला मानायचं त्याच्या कामापासून सुरुवात करायची, त्याच्या सोसण्यापासून नाही.

गाडगेबाबांच्या बाबतीत तर त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की मला गुरू करू नका, पाया पडू देत नसत. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याची खापरी, गावात शिरले की आधी झाडू, लोकांना वाटायचं वेडा आलाय, आणि संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन, तेही लोकांनाच प्रश्न विचारत विचारत. आता त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे, ग्रामस्वच्छता अभियान आहे. त्यांना मानायचं तर मी एवढंच सुचवेन की 23 फेब्रुवारीला हार घालायच्या ऐवजी जिन्याखालचा, संडासाच्या मागचा, जिथे कुणी बघत नाही असा एक कोपरा तासभर झाडा आणि फोटो काढू नका. आमच्या सोसायटीत आम्ही चौघी करतो, दुसऱ्या वर्षी सात जणी झालो.

आणि ग्रुपवर परत फोटो आला तर? भांडायचं नाही. मी एकच प्रश्न टाकते, "पूर्ण भाषण ऐकलं का कुणी?" आणि खाली लिंक, बास. वडीलधारं माणूस असेल तर सगळ्यांसमोर नाही, वेगळा फोन. आमच्या काकांना मी फोन केला होता, म्हटलं, "काका, त्या बाईंचा फोटो तुम्ही पुढे पाठवलात ना, त्यांचं पाण्याचं भाषण ऐका एकदा, आपल्या गावच्या आडावरची गर्दी आठवते." काका जरा चिडले, म्हणाले, "अगं, गंमत म्हणून पाठवलं, लगेच काय एवढं." मी म्हटलं बरं, आणि आईच्या गुडघ्यांचं बोलायला लागले. चार दिवसांनी काकूंचा फोन, तुझे काका रात्री कुठलं तरी भाषण ऐकत बसले होते, काय लिंक पाठवलीस गं. त्यावर मी काही बोलले नाही, तुम्ही पण अशा वेळी बोलू नका, समोरच्याला त्याची वाट त्याची त्याला चालू द्या.

पैशाचं पण बोलते, लोक टाळतात. ज्याचं काम आवडतं त्याची वर्गणी भरा, पुस्तक विकत घ्या, फोटोकॉपी नको, नाटकाचं तिकीट काढा, पास मागू नका. 'समाजस्वास्थ्य' आज थोर वाटतं, पण तेव्हा ते चाललं ते दर महिन्याला पैसे भरून अंक घेणाऱ्या मोजक्या लोकांवर, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्या यादीत असायला मला फार आवडलं असतं.

शेवटचं म्हणजे, माणूस जिवंत आहे तोवर त्याला लिहा. सोशल मीडियावर हार्ट टाकणं नाही, पत्र किंवा मेल. फार नको, चार ओळी. तुमचं अमुक ऐकलं किंवा वाचलं, त्यातलं अमुक वाक्य किंवा अमुक गोष्ट माझ्या लक्षात राहिली, त्यामुळे मी अमुक केलं. "तुम्ही महान आहात" असलं काही नको, त्याचं ते काय करणार? शक्यतो काम नेमकं सांगा. मतभेद असेल तर तोही एका ओळीत लिहा, तुम्ही खरंच वाचलंय हे त्यांना त्यावरून कळतं. उत्तराची अपेक्षा ठेवू नका, मदत मागू नका, सेल्फीची वेळ मागू नका.

मी त्या बाईंना लिहिलं. साधं पोस्टकार्ड, कार्यालयाच्या पत्त्यावर. तुमचं पाण्याचं भाषण ऐकलं. हंड्यांच्या रांगेत शाळेचं दप्तर ठेवून नंबर धरणाऱ्या मुलीचं तुम्ही सांगितलंत, ते डोक्यातून जात नाही. तुमच्या एका फोटोला मी हसले होते, त्याबद्दल माफ करा. टँकरच्या दराबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मला पूर्ण पटलेलं नाही, पण त्यासाठी आता मी आमच्या तालुक्याचे आकडे काढतेय.